एलिसेओचं घर टेकडी चढून आलं

रविवारी सकाळी मारिसेल अंगणात शिंपले उकडत होती, तेव्हा समोरच्या चढावर आधी एक छप्पर दिसलं. मग पिवळ्या भिंती. मग बैलांच्या सहा जोड्या आणि दोरांना लागलेलं अख्खं गाव.

घर एलिसेओचं होतं आणि ते तिच्याच दिशेने येत होतं. झारा तिच्या हातात तसाच राहिला.

चिलोए बेटावर घर हलवणं नवलाचं नाही. लाकडी घर ओंडक्यांवर चढवायचं, बैल जुंपायचे, गावाने ओढायचं. घरमालकाने मात्र दारोदार जाऊन विनवायला हवं; विनवलं की कोणी नाही म्हणत नाही. पण एलिसेओ तर दहा दिवस मासेमारीच्या बोटीवर होता. मार्चमध्ये त्याने तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "तमारा हो म्हणेल तेव्हा." त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. त्याची धाकटी मुलगी फ्लोर मारिसेलच्या मांडीवर झोपी जायची. थोरली, बारा वर्षांची तमारा मात्र तिच्याशी मीठ मागण्यापुरतंही बोलत नसे.

मारिसेल धावत सुटली. "रुपेर्ताआजी, हे काय चाललंय? कोणी सांगितलं?"

"घ्या, नवरीच विचारतेय!" म्हातारी हसली. "तमारा आली होती की दारोदार. बाबांचा निरोप आहे म्हणाली."

"एलिसेओला ठाऊक आहे?"

दोर ढिले पडले. चाळीस माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"म्हणजे," बैल हाकणारा लाउतारो हळूच म्हणाला, "आपण माणसाचं घर चोरलं?"

तमारा सगळ्यात पुढे होती. मान खाली.

"तू...?" मारिसेल तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही दोघं नुसते वाट बघत बसलात. म्हणे, तमारा बोलेल! मला नाही येत असलं बोलायला, मावशी. म्हणून घरच आणलं." मग आवाज अगदी बारीक झाला. "परत नेऊ?"

दोराने तमाराचे तळवे सोलवटले होते. प्रयोगशाळेत शिंपल्यांतलं विष मोजणाऱ्या मारिसेलला ग्रॅमच्या लाखाव्या भागाचीही सवय होती. तमाराचा होकार आला तर तो जेवताना, मान किंचित हलवून येईल, असं तिला वाटलं होतं. तो आठ टनांचा असेल, असं नव्हतं वाटलं.

तेवढ्यात खालून धापा टाकत एलिसेओ आला. धक्क्यावरून तो थेट घरी गेला होता. तिथे घराखालचे नुसते खुंट उभे होते. चेहरा पांढराफटक.

"माझं घर..."

"बाबा, गप्प!" फ्लोरने दटावलं. "मावशी विचार करतेय."

"जरा लवकर करा म्हणावं," लाउतारो ओरडला. "बैल चढावर उभे आहेत!"

मारिसेलने आपल्या जमिनीकडे पाहिलं, मग घराकडे.

"दार उत्तरेला नको," ती म्हणाली. "पाऊस तिकडूनच येतो. पूर्वेला फिरवा. आणि माझ्या बटाट्यांवरून नेलंत तर याद राखा!"

एकच गलका उठला. एलिसेओ अजून पिशवी खांद्यावर घेऊनच उभा होता. तमाराने ती काढून घेतली आणि दोराचं टोक त्याच्या हातात दिलं.

"ओढ ना, बाबा," ती म्हणाली. "बघतोस काय?"