जगदेव आबांच्या नावाचं रक्त

या माउली, असे जवळ सरका. दारात कशाला उभे, पुढं जागा आहे. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. आज एका भल्या माणसाच्या हातून झालेल्या वाइटाची गोष्ट सांगायची आहे. ऐकता ऐकता कुणावर तरी रागवावंसं वाटेल, पण रागवायला माणूस सापडायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आसेगावच्या पंजाबरावांची लेक वर्षाराणी. पंजाबरावांचं माळव्याचं शेत. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, हे सगळं काढायचं, ओल्या पोत्यात गुंडाळायचं आणि बाजार गाठायचा, हीच घराची रीत. पोरगी मात्र लॅबचा कोर्स शिकली आणि सरकारी दवाखान्यात रक्त काढायच्या कामावर लागली. हे काम आधी करणारे जुने गुलाबसिंग निवृत्त झाले तेव्हा आठवड्याला एकदा जेलात जायचं कामही तिच्याकडे आलं. कुठलं जेल, त्या गावाचं नाव मी घेत नाही. दगडी भिंत, आत कडुनिंबाचं एक झाड, एवढं पुरे.

जाताना गुलाबसिंगांनी तिला सगळं समजावून दिलं. फाटकावर फोन जमा करायचा. सुया मोजून आत जातात, मोजूनच बाहेर येतात, एक कमी पडली तर संध्याकाळपर्यंत सुटका नाही. आणि शेवटी म्हणाले, "बेटी, नाव आपून सांगाचं नाही. 'तुमी अमुक का?' असं इचारलं का माणूस 'हो' म्हणूनच टाकते. त्याच्याच तोंडून नाव काढाचं. ध्यानात ठेव."

वर्षाराणीनं ध्यानात ठेवलं. तिची चूक तिथं झाली नाही. म्हणून तर गोष्ट सांगायला जड जाते.

त्या जेलात जगदेव आबा होते. किन्हीराजाकडचे शेतकरी. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात त्यांच्या हातची काठी चुलतभावाच्या डोक्यात बसली आणि तो गेला. आबांनी कधी नाकारलं नाही. "काठी माहीच होती," एवढंच म्हणत. खटला चालू होता, तारखा पडत होत्या. गावात असताना ते कीर्तनाला उभे राहत, ते आतही सुटलं नाही. संध्याकाळची गिनती झाली, बराकीला कुलूप पडलं, की आबा कांबळ्याची घडी पायाखाली घेऊन उभे राहायचे. मृदंग कुठला? उपडी बादली. टाळ कुठले? जर्मनच्या ताटल्या. पूर्वरंगात देवाचं सांगायचे आणि उत्तररंगात गावाकडचीच एखादी गोष्ट, कुणाचा बैल हरवला, कुणाची सासू रुसली. हसता हसता माणसं रडायला लागत. दाराबाहेरचा शिपाईसुद्धा गजाला टेकून ऐके.

ती बादली वाजवायचा प्रेमसिंग. धनजजवळच्या तांड्यावरचा. ट्रॅक्टर मागं घेताना चाकाखाली माणूस आला, म्हणून आत. जामिनाला उभं राहणारं कुणी नव्हतं, म्हणून आतच. पन्नाशीचा गडी, दाढी पांढरी झालेली, पण दंड असा की बघावं. आबांवर त्याचा फार जीव.

बराकीत कामं वाटलेली असतात. आज झाडायची पाळी याची, उद्या पाणी भरायची त्याची. आबा थकत चालले तशी त्यांची प्रत्येक पाळी प्रेमसिंग करू लागला. झाडताना नाव पुकारलं "जगदेव!" की हा उठून झाडू घ्यायचा. शिपाईही काही बोलत नसत. काम झाल्याशी मतलब.

आबांना चक्कर येऊ लागली. चार पावलं चाललं की दम लागे. शौचाला काळं होत होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कीर्तनाला उभा राहणारा माणूस, अशी गोष्ट सांगायची लाज वाटली. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "रक्त फार कमी वाटतंय, आबा. हिमोग्लोबिन करून घेऊ. खाली आलं असेल तर थांबायचं नाही, सरळ अकोल्याला. तिथं रक्त चढवतील."

म्हणजे बघा, आबांचं जाणं-राहणं रक्ताच्या एका नळीवर येऊन बसलं.

वर्षाराणी जेलात पहिल्यांदा गेली तो हे रक्त काढायचाच दिवस. दवाखान्याच्या खोलीत टेबल, पुढं लोखंडी खुर्ची. नेहमीचा शिपाई रजेवर, दुसरा नवखा होता. तो दारातून नाव पुकारी आणि एकेक जण येई. "जगदेव!" असं पुकारलं आणि पांढऱ्या दाढीचा एक माणूस येऊन बसला.

"नाव सांगा."

"जगदेव."

"पूर्ण?"

त्यानं बापाचं नाव, आडनाव, सगळं सांगितलं. एकाच बराकीतली माणसं, तारखेच्या दर पुकाऱ्याला ऐकलेली नावं.

"वय?"

"साठ धरा ना मॅडम. आमाले कोन मोजून ठेवते?"

ती हसली. रबरी पट्टा बांधला तर शीर अशी टरारून वर आली की तिला बरंच वाटलं. जांभळ्या झाकणाची नळी झरझर भरली. त्यानं विचारलं, "एवढं पुरते ना? पाह्यजेल तर अजून घ्या. आबाच्या नावानं काई कमी पडू नोका देऊ."

म्हातारी माणसं स्वतःलाच आबा म्हणवून घेतात, असं तिला वाटलं. तिनं बोळा दाबायला दिला आणि पुढचं नाव घेतलं.

रिपोर्ट उत्तम आला. इतका उत्तम की डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. "डोळे तर पांढरे दिसले होते," असं स्वतःशीच म्हणाले. पण कागदावर छापलेलं दिसलं की आपण सगळेच आपल्या डोळ्यांना खोटं ठरवतो. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि अकोल्याचं नाव काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात वर्षाराणी गेली तेव्हा बराकीकडून गलका ऐकू आला. दोघातिघांनी एका म्हाताऱ्याला उचलून आणलं. सकाळी नळावर पडला म्हणे. चेहरा नुसता मेणाचा. डोकं सावरत होता तोच पांढऱ्या दाढीचा माणूस.

"काय झालं जगदेव आबा? कोण आहे हे?" तिनं त्या दाढीवाल्यालाच विचारलं.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. शिपाई म्हणाला, "मॅडम, जगदेव आबा हेच ना. हे पडले ते."

"हे?" तिनं दाढीवाल्याकडे बोट केलं. "मग हे कोण? याईनंच तर मागं मले नाव सांगितलं, जगदेव म्हणून."

तो माणूस ओशाळं हसला. चोरी पकडली म्हणून नव्हे, केलेलं काम उगाच उघड झालं म्हणून हसतात तसा. "मी प्रेमसिंग, मॅडम. त्या दिशी आबाची पाळी मी केली."

"पाळी? रक्ताची कसली पाळी?"

"आता सांगा बरं, याईच्या आंगात रक्त हाये कुठी? डागदरच म्हणे कमी हाये. अन् कमी हाये त्यातलंच तुमी नळ्या भरभरून काढून नेता. मले राहवलं नाई. म्हटलं, माह्याजवळ भरपूर हाये, माहं न्या. आबाले म्हटलं तुमी पडून राहा. त्याईले वाटलं मी झाडू माराले चाललो."

वर्षाराणीच्या हातातला बोळा तिथंच राहिला. ओरडावं असं आलं तिच्या तोंडाशी. पण कुणावर ओरडणार? समोर तो माणूस उभा होता, शाबासकी मिळेल की काय अशा चेहऱ्यानं.

ती खाली बसली. आबांचा हात मांडीवर घेतला. कोपराशी बोट फिरवलं, काही लागेना. मनगटाकडे गेली. हात तिचा तयार होता, पण शीर सुई टेकली की सरकून जाई. आबांनी डोळे उघडले.

"कोन वो माय?"

"रक्त काढायले आली आबा. थोडं दुखंन."

"निवड बापा, निवड. दाळीतले खडे निवडल्यावानी निवडून राह्यली." आणि तशातही त्यांना हसू आलं. "खडा सापडला तं सांग मले, दाताखाली याचा वाचला म्हणीन."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या खेपेला शीर लागली. नळीत उतरलं ते रक्त म्हणावं असं नव्हतंच, पाण्यात कालवलेल्या कुंकवासारखं फिकट. यंत्राची गरजच नव्हती. ती उठली, पळतच फाटकावर गेली, फोन मागून घेतला आणि तिथंच उभी राहून डॉक्टरांना लावला.

"सर, मागचा जगदेव आबांचा रिपोर्ट त्यांचा नव्हता. माझ्याकडून दुसऱ्या माणसाचं रक्त आलं."

"नाव विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं सर. त्यानं सांगितलं."

पलीकडे डॉक्टरांनी गाडीवाल्याला हाक मारली. मग, "गाडी पाठवतो. तू तिथून हलू नको."

गाडी आली, गार्ड आले. कुणी वेळ लावला नाही, हे सांगायला हवं. स्ट्रेचर फाटकाकडे न्यायला लागले तसा प्रेमसिंग मागं मागं आला. आतल्या दाराशी शिपायानं अडवलं. तिथून तो ओरडला, "मॅडम! रक्त चढवाचं म्हंता ना? माहं चढवा! माहं न्या ना, इथूनच काढा!"

वर्षाराणीनं मागं पाहिलं नाही. पाहवलं नाही. त्याचं रक्त एकदा नेलं होतं तिनं. तपासणी झाल्यावर कचऱ्याच्या पिशवीत गेलं होतं ते.

त्या संध्याकाळी तिच्या आईनं, प्रयागबाईनं, ताट वाढलं आणि ती नुसती बसून राहिली. "काहून जेवत नाहीस वो?" आई म्हणाली, "जेलातलं जेलात ठेवत जाय." तिनं मान हलवली. सकाळी डॉक्टरांचा फोन आला. अकोल्यात रक्ताची पिशवी लावली होती, दुसरी तयार होती, पण पोटातला रक्तस्राव जुना होता. आठवडाभर आधी आले असते तर, असं तिथले म्हणाले म्हणे. आबा पहाटेच गेले.

जेलात चौकशी झाली. तिनं सगळं खरं ते लिहून दिलं, आणि प्रेमसिंगनं ते कोणत्या समजुतीनं केलं तेही लिहिलं. साहेब भले होते, त्यांनी शिक्षा लावली नाही. फक्त ठरलं की यापुढं रक्त देताना बराकीचा शिपाई ओळख पटवेल. झालं, कागद मिटला.

पण तिला पुन्हा त्या खोलीत जाऊन बसायचं होतं. ती गेली. नाव पुकारलं नसताना प्रेमसिंग दारात आला. शिपायानं येऊ दिलं.

"मॅडम, एक इचारू?"

तिला कळलं तो काय विचारणार.

"लोकं म्हणून राह्यले, आबा माह्यापाई गेले. मी म्हटलं, माहं रक्त तं चांगलंच होतं. चांगल्या रक्तानं कोनाचं वाईट कसं होईन? तुमी शिकल्यासवरल्या. तुमीच सांगा."

माउली, इथं वर्षाराणीची खरी परीक्षा होती. "नाही हो दादा, त्यांचं आयुष्यच तेवढं होतं," असं म्हणून ती मोकळी होऊ शकत होती. जीभ तिकडेच वळत होती. पण शिपायानं तिला आधीच सांगितलं होतं, की त्याच बराकीतला मदनसिंग नावाचा एक तापकरी उठत नाही, आणि 'त्याचं रक्तही आमीच देऊ' असं दोघं जण बोलून बसलेत. शिपाई ओळख पटवेल, पण प्रेमसिंगला कळलं नाही तर रक्त कशाला नेतात ते बराकीला कळणार नाही.

"दादा," ती म्हणाली, "तुमचं रक्त चांगलं होतं, म्हणूनच झालं. कागदावर आबा चांगले दिसले. म्हणून त्याईले अकोल्याले नेलं नाही. आपण नळीत रक्त नेतो ते आत किती उरलं ते पाहाले. थोडंसंच नेतो, त्यानं माणूस कमी होत नाही. हे मी पहिल्याच दिवशी सगळ्याईले सांगाले पाह्यजे होतं. मी फक्त नाव इचारलं."

त्यानं बाही वर सारून सुई लागली होती तिथं बोट ठेवलं.

"म्हंजे नेलं असतं तं वाचले असते?"

"वाचले असते, असं तिथले म्हणतात."

"मी तं मनापासून देल्लं वो, मॅडम."

"मले माहीत हाये."

"मन येते का त्या रिपोर्टात?"

त्यानं शर्टाची बाही खाली ओढली, बटण लावलं, आणि भिंतीच्या कडेकडेनं चालत बराकीकडे गेला. त्याच दिवशी त्यानं मदनसिंगला पाठीवर घेऊन आणलं, खुर्चीत बसवलं आणि त्याचा दंड धरून ठेवला. "तुहंच दे बे," म्हणाला, "तुहंच लागते." मदनसिंगला वेळेवर दवाखान्यात नेलं. तो बरा झाला.

आता त्या बराकीत गिनती झाल्यावर कुणी उभं राहत नाही. एक-दोघांनी प्रयत्न केला, पण साथीला प्रेमसिंग बसला नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडतो. जामीन अजून झालेला नाही. वर्षाराणी आठवड्याला जाते, रक्त काढण्याआधी प्रत्येकाला ते कशासाठी ते समजावून सांगते. प्रेमसिंग दिसला तर "दादा, जेवले का?" विचारते. तो "हो" म्हणतो.

आबांचं आपण करतोच, माउली. गेलेल्या माणसाच्या नावानं भजन होतं, पंगत उठते, किन्हीराजात तीही झाली. माझी विनवणी दुसऱ्यासाठी आहे. आज घरी गेल्यावर, दिवा लावताना, पांडुरंगापुढं हात जोडाल तेव्हा धनजच्या तांड्यावरच्या प्रेमसिंगचं नाव एकदा घ्या. तो जिवंत आहे, आत आहे, आणि त्याची आठवण काढणारं बाहेर कुणी नाही.