विन्सच्या डॉलरवरचा एस

एल्मर कोस्कीने आयुष्यात एकदाच घाईने मत दिलं, आणि ते नेमकं मित्राच्या नाण्याबद्दल.

ब्यूट या खाणीच्या गावातल्या नाणे-मंडळात त्याचा शब्द शेवटचा असे. तीस वर्षं तांब्याच्या खाणीत काढलेला माणूस, पण चांदीचा जुना डॉलर बोटांत धरून खिडकीकडे जरासा कलता केला, की त्यावर कोरलेल्या बाईच्या गालाचं हाड किती झिजलंय, कानावरचे केस शाबूत आहेत का, कुणी पावडर लावून घासलाय का, हे तो भिंग न काढता सांगायचा. १९७४ साली खाणीतला सोबती विन्स तोमिच रुमालात एक डॉलर बांधून त्याच्या दारात आला. नाणं १८९३चं, मागे गरुडाच्या खाली बारीकसा एस, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीचं. त्या साली तिथे फार थोडे डॉलर पडले, म्हणून अख्खा देश त्यांच्या मागे. विकणारा बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता.

"अस्सल आहे. घे," एल्मर म्हणाला.

विन्सने आपला कोरा पिकअप ट्रक विकला आणि नाणं घेतलं.

दोन वर्षांनी एल्मरने एका मासिकात वाचलं: त्या नाण्यांच्या मूळ ठशावरच एक चरा होता, त्यामुळे प्रत्येक खऱ्या नाण्यावर बाईच्या मुकुटावरच्या लिबर्टी शब्दातल्या टीच्या डोक्यावर तिरपी रेघ असतेच. रविवारी तो विन्सकडे जेवायला गेला आणि नाणं बघायला मागितलं. टी अगदी स्वच्छ होता. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतल्या, कुठलीच खूण नसलेल्या साध्या डॉलरवर कुणीतरी सफाईने एस चिकटवला होता. विन्सची बायको मिल्का समोर अक्रोडाचा रोल कापत होती.

"काय, अजून प्रेमात आहेस ना या चांदीच्या बाईच्या?" विन्सने विचारलं.

"आहे," एल्मर म्हणाला.

त्या एका 'आहे'त तो तेरा वर्षं अडकला. सांगावं म्हटलं तेव्हा खाणीतून विन्सला घरी बसवलं. मग मिल्का आजारी पडली. मग ती गेली, आणि बायको गेलेल्या माणसाला असलं कोण सांगतं? दर वर्षी मंडळाच्या प्रदर्शनात ते नाणं मधोमध असे, खाली पाटी: 'एल्मर कोस्की यांनी पारखलेले'. लोक त्याला चार शब्द बोलायला लावत. तो गालाबद्दल बोले, केसांबद्दल बोले, एसचं नाव काढत नसे.

१९८९ साली विन्स एक फॉर्म घेऊन आला. नाणी पारखून, प्रत ठरवून, प्लास्टिकच्या डबीत बंद करून देणारी कंपनी निघाली होती.

"तूच भर. तुझं अक्षर बरं आहे."

एल्मरने पेन खाली ठेवलं. "विन्स, नको पाठवूस. तो एस चिकटवलेला आहे. मला शहात्तरलाच कळलं होतं."

विन्स हसला. "डोळे गेले तुझे. मोतीबिंदू काढून घे आधी."

फॉर्म त्याने स्वतःच भरला. सहा आठवड्यांनी नाणं डबीशिवाय, साध्या पिशवीत परत आलं. सोबत चिठ्ठी: टाकसाळीची खूण नंतर जोडलेली.

विन्स ती चिठ्ठी घेऊन आला. "त्या पोरांना काय कळतंय? शनिवारी मंडळात उभा राहा आणि चौऱ्याहत्तरला सांगितलंस तसं सांग."

"मी तुला सांगितलं ना—"

"मला तू काही सांगितलेलं नाहीस," विन्स शांतपणे म्हणाला. "ट्रक विकला म्हणून मिल्का महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती. मी तिला म्हटलं होतं, एल्मरने बघितलंय. तेव्हा कुठे बोलायला लागली."

शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात वीस-बावीस माणसं जमली. कॉफी झाली. एल्मर उठला, टेबलाला धरून उभा राहिला. विन्स पहिल्या रांगेत होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

"ते नाणं बनावट आहे," एल्मर म्हणाला. "मी चुकलो. चूक कळल्यावरही तेरा वर्षं गप्प बसलो. विन्सचा यात काही दोष नाही."

विन्सने नाणं खिशात टाकलं, टोपी घेतली आणि निघाला. दार आपटू नये म्हणून त्याने ते हाताने धरून हळू लावलं.

एल्मरला त्याच्यामागे जायचं होतं. पण मंडळातल्या हॅरॉल्डच्या बायकोने, डोरीन ट्रेगास्किसने, त्याच्यापुढे एक डबा ठेवला. "माझेही डॉलर बघ. हॅरॉल्डने सगळे तुझ्याच सांगण्यावरून घेतले होते." तिच्यामागे आणखी तिघे उठले.

तो खाली बसला, भिंग काढलं. पहिला डॉलर १८८१चा, लख्ख, निर्दोष.

"हा चांगला आहे."

"नक्की?"

"नक्की, डोरीन."

तिने तो डब्यात परत ठेवला नाही, पर्समध्ये टाकला. "तरी एकदा कंपनीकडे पाठवून बघते. राग नाही ना?"

"राग कसला," एल्मर म्हणाला आणि पुढच्या नाण्यासाठी हात पसरला. रांग आता जिन्यापर्यंत गेली होती.