संदुकीमागचा वारा

माझ्या थोरल्या बहिणीला, जमिला आपाला, आठव्या महिन्यातच मुलगी झाली. सुईण साळूबाईनं तिला कापसात गुंडाळलं आणि सांगितलं, "पाय ऊबदार ऱ्हायले तर दूध वढंल. मंग भ्याचं कारण नाय."

मी नुकताच हैदराबादहून बीएस्सी होऊन औरंगाबादला परतलो होतो. बाळंतिणीच्या खोलीत थर्मामीटर टांगला. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, शेगडीही पेटलेली होती, तरी पारा चौसष्ट अंश फॅरनहाइटच्या वर चढेना. तिसऱ्या दिवशीही बाळाचे पाय गार होते. ते रडतही नव्हतं.

संध्याकाळी अम्मी रिवाजाप्रमाणे लोबानाची धूपदाणी घेऊन आली. पाळण्यापाशी धूर सरळ वर न जाता वाकला आणि दाराकडे गेला. मी धूपदाणी घेऊन भिंतीच्या कडेनं हळूहळू फिरलो. खिडकीपाशी धूर सरळ होता. कपड्यांच्या संदुकीपाशी मात्र तो माझ्या तोंडावर आला.

संदूक सरकवली. मागं हातभर चौकोनी खिडकी होती, शेजारच्या मनकर्णाबाईंच्या स्वयंपाकघरात उघडणारी. बायकांना गल्लीत न जाता बोलता यावं म्हणून दोन्ही घरांनी ठेवलेली. तिची झडप पलीकडून चार बोटं उघडी होती.

"ती तर बोलायची खिडकी," अम्मी म्हणाली. "तिच्यातून थंडी कशाला येईल?"

मी पलीकडे हाक मारली. "मावशी, झडप उघडी का ठेवलीय?"

"पोरीचा आवाज येतो का बघाया. तीन दिस झाले, कायच नाय."

"आणि तुमचं मागचं दार?"

"चुलीचा धूर जाया नगं? ते बी उघडंच."

"त्या दाराचा वारा थेट पाळण्यावर येतोय, मावशी."

मग त्या म्हणाल्या, "एवढं शिकून आलास हबीब, आन् संदुकीमागं बघाया तीन दिस लागले व्हय?"

त्यांनी झडप लावली. मी तिच्या कडांत कापूस ठासला. त्यांची चूल त्याच भिंतीला होती. हात लावला तर भिंत कोमट लागली. पाळणा तिथं सरकवला. दाराखालची फट मुद्दाम ठेवली, कारण खोलीत शेगडी पेटती होती आणि तिचा विषारी वायू कोंडायला नको होता.

तासाभरात पारा अडुसष्टवर गेला. सकाळी एकाहत्तर. साळूबाईनं बाळाचे पाय चाचपले आणि त्याला आपाजवळ दिलं. बाळ प्यायलं, थोडं थांबलं आणि रडलं.

बंद झडपेवर पलीकडून दोनदा टकटक झाली.

"ऐकू आलं गं," मनकर्णाबाई म्हणाल्या.