हळद लावायला जागा नव्हती

मित्रांनो, खुंटीवर लोंबणारं हे मळकट फडकं पाहून तुम्ही मला हात पुसाल. पुसा. हल्ली घरचेही तेच करतात. पण मी एक जुना पटका आहे, आणि लटारूचं डोकं माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही.

आरमोरीकडच्या एका कोष्ट्याने मला विणलं. लटारूच्या बायकोने, भागीरथाने, मला बाजारातून आणलं तेव्हा माझा रंग कुसुंबी होता आणि ताठा विचारू नका. आरसा न बघता लटारू मला झरझर बांधायचा आणि धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरायचा. तिथे बैलांशी त्याची अखंड बडबड. भागीरथा म्हणायची, "बैलायले तरी उसंत द्या जी!"

चौपन्न साली मार्कंड्याची जत्रा करून गावची मंडळी लाकडाच्या ट्रकवर बसून परतत होती. वळणावर सांबर आडवं आलं आणि ट्रक सागाच्या झाडावर गेला. लटारूचं डोकं ओंडक्यावर आदळलं. मध्ये मी होतो, पण मी पडलो कापूस, किती झेलणार? त्याचे डोळे पांढरे झाले. मग तो उठून बसला. शेजारणीचं, शकुबाईचं, कपाळ फुटलं होतं. त्याने मला सोडलं आणि तिच्या जखमेवर दाबून धरलं.

मागून एक जीप आली. तिच्यात पट्टी होती. ती शकुबाईला बांधली आणि मी रक्ताने भिजून लटारूच्या हाती परत आलो. रक्त निघालेल्यांनाच जीपमध्ये जागा होती.

"तू बी बस ना," शकुबाई म्हणाली.

"मले काय झालं? थेंब नाई रक्ताचा. तुम्ही जा, बाई."

आणि तो पायी घरी आला. मला पाहून भागीरथा किंचाळली.

"माह्यं नाई वं, शकुबाईचं हाय."

तिने मला धुतलं, धुताना हसलीसुद्धा. तेवढ्यात लटारू भिंतीशी जाऊन ओकला. जीभ जड झाली, डोळे मिटू लागले. शेजारच्या सोमाजीने निदान केलं, "जत्रेतली मोहाची उतरून राह्यली. झोपू द्या." लटारू त्या दिवशी प्यालाच नव्हता. पण आमच्याकडे ओकणाऱ्या माणसाला दुसरं कारण कोणी शोधत नाही. त्याला झोपू दिलं. उठला तो लटारू निराळाच.

गावाची एक रीत आहे. कोणाला लागलं की घरोघरून चिमूटभर हळद येते, आणि ज्याच्या घरी हळद आली त्याची धानाची लावणी, म्हणजे रोवणा, गाव करून देतं. शकुबाईकडे वाटीभर हळद जमली. लटारूकडेही माणसं आली. "कुठी लावू, सांग!" म्हणून हसली आणि हळद परत घेऊन गेली.

त्याला ऊन सोसेना. म्हणायचा, "डोक्यात कोणी धान कांडून राह्यलं." मला बांधायला घ्यायचा आणि अर्ध्यात थांबून हातातल्या कापडाकडे बघत राहायचा. एकदा लाडक्या बैलाला त्याने मरेस्तोवर मारलं, मग त्याच्याच गळ्यात पडून रडला.

आषाढात रोपं लावणीला आली. भागीरथा पंचांपुढे उभी राहिली. "औंदा आमचा रोवणा करून द्या. माह्या माणसाले लागलं हाय."

सोमाजी पंचांत होता. त्याने चारचौघांत मला उतरवलं आणि लटारूच्या डोक्यावर बोटं फिरवली. "ना खोक, ना टेंगूळ. आळस भरला ह्याच्यात, भागीरथाबाई."

लटारूने समोरचा लोटा उचलून त्याला फेकून मारला.

"पाहा, जोर तर हाय!"

झाला निकाल.

तेव्हा शकुबाई पुढे आली. "माह्यं रक्त बाहेर आलं, म्हणून मले जीपमध्ये नेलं. ह्याचं आत सांडलं, तं ह्याले कोणी विचारलं नाई."

"आतलं तुले दिसते काय वं?" सोमाजी म्हणाला.

 दुसऱ्या दिवशी पदर खोचून शकुबाई एकटी रोवण्याला आली. दोघीजणी चिखलात वाकल्या. दोघींनी किती होणार? रोपं पिवळी पडली, अर्धी बांधी तशीच राहिली. लटारू बांधावर बसून होता.

"कोणाची बांधी हाय ही?" त्याने विचारलं.

"आपलीच जी."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. भागीरथाने पुन्हा तेच सांगितलं, पण या वेळी मान वर केली नाही.

मित्रांनो, मोटारीत कोणी आदळलं आणि रक्त आलं नाही, तर देव पावला म्हणून त्याला घरी नेऊन निजवू नका. तो ओकला, बरळला, पेंगू लागला, तर दवाखाना गाठा. आणि उशीर झालाच, तर निदान त्याचं दुखणं खोटं म्हणू नका. रोवणा काय, एका पावसाळ्याची गोष्ट. पण दिवेलागणीला लटारू घरात भिंतीला टेकून बसलेला असतो, आणि भागीरथा दाराकडे तोंड करून जत्रेला गेलेल्या त्या लटारूची वाट पाहत असते.