अर्धवट उघडा व्हॉल्व्ह

श्रावणीचा साखरपुडा सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात होता, आणि तिचा भाऊ देवदत्त मागच्या खोलीत फोन कानाला लावून अडकून पडला होता. तो ज्या समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करायचा, तिच्यात अडीच किलोमीटर खाली, पाण्याच्या थरापाशी बसवलेला एक व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला होता. वरूनच दाब देऊन तो बंद करायचा होता, नाहीतर तेलाऐवजी पाणी वर येणार होतं.

"दाब किती?" देवदत्त पुन्हा पुन्हा विचारत होता. विहिरीवरचा त्याचा सहकारी कुमार आकडा सांगत होता. असा दीड तास गेला.

श्रावणी साडी सावरत दारात आली. "दादा, सगळे तुझ्यासाठी थांबलेत. तुझ्याशिवाय हे कुणालाच येत नाही का?"

"मी कुणाला शिकवलंच नाही," तो म्हणाला. चार वर्षं सुट्टीत फोन आला, की त्याला नोकरी पक्की वाटायची. आज मात्र त्याच फोनपायी बहिणीचा साखरपुडा अडला होता.

"कुमार, लिहून घे," तो म्हणाला. "एकदम दाब देऊ नकोस. तीन टप्प्यांत दे, मधे दहा मिनिटं थांब. अडलाच तर थोडा उघडून पुन्हा बंद कर. आता तूच चालव."

अंगठ्या घालून झाल्यावर त्याने फोन पाहिला. कुमारने कळवलं होतं, 'बंद झाला.' देवदत्तला हायसं वाटलं आणि थोडी भीतीही. आता त्याची जागा कुणीही घेऊ शकत होतं. तो श्रावणीशेजारी जेवायला बसला.