उलट फिरवलेली तबकडी

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावर बसलेला, झाकणाला तडा गेलेला जुना रेकॉर्ड प्लेअर म्हणजे मी. काळ्या तबकडीच्या बारीक चरांतून सुई फिरवायची आणि आत साठवलेले गाणे बाहेर काढायचे, एवढेच मला येते.

मला घरी आणले मालकांनी, लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला. मालक घड्याळजी. गावभरची घड्याळे त्यांच्या हाताखाली वठणीवर यायची. घरचे भिंतीवरचे घड्याळ मात्र लंगडत चालायचे. दोन ठोके भरभर, तिसरा रेंगाळत. लेकीनेच सांगून ठेवले होते, "बाबा, ह्याला हात लावू नका. ह्याच्याशिवाय मला झोप येत नाही."

लेक मोठी झाली आणि रॉक संगीताच्या नादी लागली. मी दिवसभर दणाणत असे. खरे सांगतो, ते माझे सुखाचे दिवस होते. मालक मात्र कानांत कापूस घालत. एकदा शब्दाने शब्द वाढला. "हा धांगडधिंगा ह्या घरात चालायचा नाही," ते म्हणाले. ती गिटार घेऊन निघून गेली.

तीन वर्षांनी टपालाने तिच्या बँडची तबकडी आली. सोबत चिठ्ठी नव्हती.

"चिठ्ठी नाही, म्हणजे निरोप आतच असणार," मालक म्हणाले. रॉकवाले गाण्यात बोलणे लपवतात आणि तबकडी उलटी फिरवली की ते ऐकू येते, असे त्यांनी कुठेसे वाचले होते. रोज ते माझी मोटर बंद करत आणि पहिलेच गाणे बोटाने उलटे फिरवत बसत. ऐकू काय यायचे? चुळा भरल्यासारखे गुळगुळ. तरी ते वहीत लिहीत, "बहुतेक 'बाबा' म्हणाली." दुसऱ्या दिवशी खोडत.

"अहो, नंबर आहे माझ्याकडे. सरळ फोन करा ना," मालकीणबाई म्हणायच्या.

"आधी तिनं बोलावं."

"मग बसा तबकडी दळत."

माझी सुई झिजत होती, चर खरवडले जात होते. एकदा सरळ लावा हो, असे सांगावेसे वाटे. पण यंत्राला स्वतःचे बोलणे कुठले?

शेवटी एका दुपारी मालकीणबाईंनीच मला सरळ सुरू केले. "मला बाई तिचा आवाज ऐकायचाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मालक जेवायला आले ते दारातच थबकले. शेवटचे गाणे चालू होते. ड्रम थांबला, गिटार थांबली आणि मागे उरले दोन ठोके भरभर, तिसरा रेंगाळत. घर सोडण्याआधी लेक खुर्चीवर चढून त्या घड्याळाशी टेपरेकॉर्डर धरून उभी होती, ते मला तेव्हा आठवले.

"नंबर दे," मालक म्हणाले.

फोन लागला. त्यांनी वायर ताणून रिसीव्हर भिंतीवरच्या घड्याळापाशी धरला. बराच वेळ. पलीकडून कुणी फोन ठेवला नाही. मग बारीक आवाज आला, "बाबा, अजून दुरुस्त नाही केलंत?"

येते म्हणाली आहे. अजून आलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याची सुई हलक्या हाताने पुसा, झाकण लावत जा. आणि आपल्या माणसाने काही पाठवले, तर आधी ते सरळ, शेवटपर्यंत ऐका. पहिल्या गाण्यातला तिचा आवाज आता खरखरीत बुडाला आहे. तो मला पुन्हा काढता येत नाही. त्यासाठी तिनेच दारात उभे राहायला हवे.