बारा मुठींचं वरण

धूलकोटात कोणाचं लग्न असो, तेरावं असो की मारुतीचा भंडारा असो, चुलवणापाशी देवराम असायचाच. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करावी ती त्यानंच. त्यातही त्याची खरी करामत होती मिठाची. नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न चाखायचं नाही, हा गावाचा नेम. म्हणजे हजार माणसांच्या वरणात मीठ बरोबर पडलं की नाही, हे पहिली पंगत बसेपर्यंत देवालाच ठाऊक. दुसरे आचारी अशा वेळी घाम पुसत उभे राहायचे. देवराम हंड्यात बारा मुठी मीठ टाकायचा, हात झटकायचा आणि निवांत बसायचा. तीस वर्षांत चूक म्हणून नाही. घरात भाजी खारट झाली की सासू सुनेला म्हणायची, "जाय, देवरामची मूठ उसनी आन!"

त्याची बायको गोदाबाईही काही कमी नव्हती. बट्टीचं पीठ मळायचं ते तिनंच. परातीपाशी ती बसली की बाकीच्या बायका आपोआप तिच्या हाताखालच्या व्हायच्या. आणि सगळं आटोपलं की बायकांच्या शेवटच्या पंगतीत ती अशी काही हसत-खिदळत जेवायची, की पुरुष लांबून माना वळवून बघायचे.

दोन हजार सोळा साली आरोग्य केंद्रात वंदना सिस्टर आली. बुऱ्हाणपुरातल्या बुधवारा मोहल्ल्यातली, तिशी ओलांडलेली, चटपटीत. गावातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी मोजायचं, असा वरून हुकूम होता. गोदाबाईच्या दंडाला पट्टा बांधला आणि सिस्टरचा चेहराच उतरला. एकशे ऐंशीच्या वर.

"काकू, डोकं दुखतं का?"

"डोकं हाये तं दुखनारच, बाई."

सिस्टरनं गोळ्या दिल्या, दवाई रोज घ्यायची म्हणून बजावलं आणि मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं. गोळ्यांचं जमलं, घरच्या भाजीचंही जमलं. पण लग्नसराईत आचाऱ्याच्या घरची चूल आठवड्यातून दोन दिवस पेटते. बाकीचं जेवण पंगतीतच. देवराम म्हणाला, "तुह्यासाठी येगळी वाटी काढून ठेवतो."

"पंगतीत मले येगळं वाढसान?" गोदाबाई कडाडली. "तुमचं वरन नाही चालत मले, असं गावभर व्हईन. त्यापेक्षा मी बसतच नाही."

आणि खरंच बसली नाही. पुढच्या लग्नात मांडवामागे लाकडांच्या ढिगाआड एकटीच भाकरीचं फडकं सोडून बसलेली ती देवरामला दिसली. पंगतीतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं आणि ती मान खाली घालून घास चावत होती. हजारांना जेवू घालणारा माणूस, आणि त्याच्याच बायकोला पंगतीत जागा नाही! तो तडक वंदनाकडे गेला.

"एकट्या काकूंचंच कशाला?" वंदना म्हणाली. "गावात दर तिसऱ्या माणसाचं बीपी हाय आहे. सगळ्यांचंच मीठ कमी करा. दुनियेतल्या देशांनी मिळून ठरवलंय, दोन हजार पंचवीसपर्यंत मीठ तीस टक्के कमी करायचं."

"दुनियेनं ठरवलं, आन धूलकोटच्या आचाऱ्याले कोनी इचारलं बी नाही?"

"आता विचारतेय ना, काका."

देवराम गडी एक घाव दोन तुकडे करणारा. परातीपाशी गोदाबाईच्या हाताखाली बसणाऱ्या मालूबाईच्या पोराच्या लग्नात त्यानं हंड्यात बाराऐवजी आठच मुठी टाकल्या. गोदाबाईला फक्त एवढंच म्हणाला, "आज पंगतीत बस. मी पाहून घेतलंय."

पहिली पंगत बसली आणि बोंब झाली. "मीठ आना रे!" इकडून, तिकडून, चहूकडून. भाईदास नावाचा एक तरुण आचारी होता. देवरामच्या हातातल्या झाऱ्यावर त्याचा कधीचा डोळा. तो मोठ्यानं म्हणाला, "दादाचा हात उतरला आता!" देवराम हंड्याआड उभा राहिला. कान तापले होते. तीस वर्षांचं नाव एका दुपारी मातीत जाताना त्याला दिसत होतं.

पण नवल झालं. दुसरी पंगत बसेतो कुजबुज विरली. त्याला कोणी एक शब्द बोललं नाही. गाव आपल्याला जपतं, असं देवरामला वाटलं आणि छाती थोडी फुगलीसुद्धा. पुरुषाला असं वाटायला फारसं कारण लागत नाही.

वंदनानं मात्र कपाळावर हात मारला. "एकदम चार मुठी? अहो, परदेशात पाव भाजणाऱ्यांनीही मीठ कमी केलं, पण थोडं थोडं, वर्षानुवर्षं. खाणाऱ्यांना पत्ता लागला नाही."

मग देवराम पुन्हा बारावर गेला आणि तिथून हळूहळू उतरू लागला. साडेअकरा. दोन-तीन महिन्यांनी अकरा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. देवरामनं मूठ अशी झाकली की तिसऱ्या वर्षी पुन्हा आठवर आला तरी कोणी हूं की चूं केलं नाही. गोदाबाई पंगतीत बसायला लागली, हसायला लागली. गोळ्या चालूच होत्या. बीपी एकशे तीसवर आलं. एकच गोष्ट बदलली होती. ती आता परातीपाशी बसत नसे. खांदे दुखतात म्हणायची आणि कोपऱ्यात वांगी चिरायची. वय झालं, देवरामला वाटलं.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात मालूबाईच्या पोरीचं लग्न बुऱ्हाणपूरला लालबागेत होतं. मुलाकडच्यांचा आचारी, मुलाकडचं जेवण. धूलकोटची मंडळी दोन टेम्पो भरून गेली. पत्रावळीवर वरण-बट्टी पडली. म्हाताऱ्या उखर्डूनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"मिठाचं पोतं फाटलं का काय याच्यात?"

धूलकोटची अख्खी रांग पाणी मागायला लागली. बुऱ्हाणपूरवाले मात्र भुरके मारत होते आणि या खेडवळांना झालं तरी काय, म्हणून बघत होते. देवरामनं बोटानं वरण चाखलं आणि थबकला. चव ओळखीची होती. अगदी बारा मुठींची! त्याचंच जुनं वरण. दुनियेनं ठरवलेलं धूलकोटात होऊन गेलं होतं. त्याला इतका आनंद झाला की कोणाला तरी मिठी मारावी. शेजारी भाईदास होता, म्हणून ते राहून गेलं.

भाईदासच म्हणाला, "दादा, तुमच्यासारखा हात नाही कोनाचा. त्या साली मी उगाच बोललो. वहिनीनं सांगतलं नसतं तं तुमचं नाव गेलंच व्हतं."

"काय सांगतलं?"

"बट्टीच्या पिठात मीठ टाकाले तीच इसरली म्हने. म्हनून सगळं अळनी लागलं. तवापासून बायका तिले परातीले हात लावू देत नाही. तुमाले ठाव नाही?"

देवरामच्या हातातला घास हातातच राहिला. खांदे दुखतात! तीन वर्षं ती कोपऱ्यात वांगी चिरत होती, आणि तो वय झालं म्हणत होता. पलीकडे बायकांच्या रांगेत गोदाबाई कोणाला तरी टाळी देऊन हसत होती. देवरामचे डोळे भरून आले. तो पंगतीतच उठून उभा राहिला.

"धूलकोटवाले, ऐका. मालूबाईच्या पोराच्या लग्नात मीठ मीच कमी टाकलं व्हतं. जानून टाकलं व्हतं. गोदीचं पीठ बरोबर व्हतं. आन तवापासून मी दर खेपेले थोडं थोडं कमीच टाकतोय."

गोदाबाईनं पदर तोंडाला लावला.

"म्हंजे," उखर्डू सावकाश म्हणाला, "तीन सालापासून तू आमाले फसवतो?"

"हाव."

उखर्डूनं पत्रावळीकडे पाहिलं, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला. "मंग फसव, बापा. हे तं गिळत नाही!" हसण्याचा असा लोट उठला की नवरदेव बघायला बाहेर आला.

पुढच्या आखाडात मारुतीचा भंडारा होता. मालूबाईनं स्वतः उठून परातीपाशी जागा केली. गोदाबाई पदर खोचून बसली, पिठात आळं केलं आणि मिठाचं भांडं पुढे ओढून चुलवणाकडे पाहिलं.

"किती टाकू?" तीस वर्षांत तिनं हे त्याला कधी विचारलं नव्हतं.

"तुह्या मनानं टाक," देवराम म्हणाला. "आन कमी-जास्त झालं, तं या खेपेले नाव माहं सांग."